शिस्त, नेम आणि दुबेळके

काही वर्षांपूर्वी घनसावंगी भागात भरलेल्या एका महाविद्यालयीन एन.सी.सी. शिबिरात बोलायला जाण्याचा योग आला होता. बोलायचे होते समर्थ रामदासांवर. समर्थांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात असल्यामुळे इकडे व्याख्यात्याला दुसरा विषय सहसा सुचवला जात नाही. व्याख्यान संध्याकाळी होते, दिवस मोकळा होता, म्हणून मुलांचा नेमबाजीचा तास पाहायला जाऊन बसलो. काळ्या मातीचा उंच बांध, त्यापुढे कागदी लक्ष्ये आणि अलीकडे वाळू भरलेली पोती. पोत्यांवर पॉइंट टू टू रायफली टेकवून मुले-मुली पालथी पडलेली. शिकवणारे हवालदार उत्तरेकडचे होते. त्यांनी खणखणीत आवाजात आज्ञा दिली, ‘शिस्त लो!’ त्यासरशी पहिल्यांदाच आलेल्या चार-सहा जणांनी माना ताठ केल्या, पाय जुळवले आणि ती पडल्यापडल्याच सावधान झाली. हवालदारांना हसावे की रागवावे ते कळेना. त्यांनी सांगितले होते नेम धरायला.

मुलांची चूक नव्हती. मराठीत शिस्त म्हणजे रांग, वेळेवर येणे, न बोलणे. हवालदारांचीही नव्हती, कारण लष्करी हिंदीत ‘शिस्त लेना’ याचा आजही नेम धरणे एवढाच अर्थ आहे. मूळ फारसी ‘शस्त’ म्हणजे अंगठा. तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात जी कडी घालतो तीही शस्त, आणि त्या अंगठ्याने साधायचा तो नेमही. धनुष्य गेले, बंदूक आली, शब्द मात्र टिकला. जुन्या मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा रोख लक्ष्यावर आणणे. आज तो अर्थ आपण इतका विसरलो आहोत, की पदव्युत्तर वर्गात सांगितला तरी विद्यार्थी संशयाने पाहतात.

याहून मौज ‘नेम’ या शब्दाची. तो संस्कृत ‘नियम’चा तद्भव. नेमधर्म, नित्यनेम, एकादशीचा नेम ही त्याची मूळची घरे. त्यातूनच ‘नेमका’ आला आणि त्यातूनच बंदुकीचा नेम. म्हणजे एक शब्द अंगठ्याकडून निघून व्यवस्थेकडे गेला, तर दुसरा व्रताकडून निघून बंदुकीच्या नळीपर्यंत आला. दोघे वाटेत कुठे तरी एकमेकांना ओलांडून गेले असणार. ‘नेमबाज’ या शब्दात तर संस्कृताच्या नातवाला फारसी शेपूट जोडलेले आहे. आणि ‘लक्ष’? लक्ष म्हणजे ज्यावर बाण सोडायचा ते. ‘लक्ष द्या’ असे वर्गात दिवसातून वीसदा म्हणताना आपण धनुर्वेदाची भाषा बोलत असतो हे कोणाच्या लक्षात येते?

शब्दांचा हा प्रवास नुसता कोशातला नाही. बंदूक कशी धरली जात होती, कशावर टेकवली जात होती आणि टेकू कधी गळून पडला, याच्याशी त्याचा संबंध असावा असे मला वाटते. म्हणून थोडे बंदुकीकडेच वळू.

फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. मोगल पायदळाचे त्याने केलेले वर्णन तुच्छतेने भरलेले आहे. तो सांगतो, की हे बंदूकवाले उकिडवे बसतात, बंदुकीलाच अडकवलेल्या लाकडी दुबेळक्यावर ती टेकवतात, आणि एवढे करूनही भुवया-दाढ्या जळतील किंवा एखादा जिन बंदूक फोडून टाकील या भीतीने बार काढताना दबकतात. युरोपीय वाचकाला हसवण्यासाठी लिहिलेला मजकूर आहे हा. पण त्यातले हसू बाजूला काढले, की मागे उरते ते तंत्राचे उत्तम टिपण आहे. दोन फाट्यांचे ते लाकूड म्हणजे आजच्या बायपॉडचा सरळ पूर्वज. जुन्या हिंदुस्थानी बंदुकांपैकी काहींना नळीखाली असे पाय बसवलेले आजही पाहायला मिळतात. अफगाणांच्या लांब नळीच्या जेझैललाही दुबेळके असे.

तोड्याच्या बंदुकीला टेकू का लागे? पहिले कारण वजन. लांब, जाड लोखंडी नळी हातावर तोलून धरली, की क्षणात मोहरा थरथरू लागतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, आणि ते सहसा सांगितले जात नाही. आजच्या रायफलीचा चाप ओढला आणि गोळी सुटली यात डोळ्याला कळेल असे अंतर नसते. तोड्याच्या बंदुकीत ते असे. चाप ओढला, की जळती जामगी खाली येणार, कान्याजवळची रंजक पेटणार, डोळ्यापासून वीतभर अंतरावर भपका उडणार, तो जाळ कान्यातून आत जाणार, आतली ठासलेली दारू पेटणार आणि मग गोळी निघणार. निकोप बंदुकीतही हा सगळा वेळ कळण्याइतका, आणि दारू सर्द असेल तर चांगलाच लांबलेला. तेवढ्या वेळात माणसाने काय करावे? माणूस डोळे मिटतो, मान वळवतो, खांदा आकसतो. ही भित्रेपणाची नव्हे, देहधर्माची गोष्ट आहे. दुबेळके त्या क्षणापुरती बंदुकीची जबाबदारी घेते: माणूस दचकला तरी नळी जिथल्या तिथे राहते. बर्निएला ज्याच्यात भ्याडपणाची खूण दिसली ती भीतीवर शोधलेली व्यवहारी तोड होती. आणि नळी फुटण्याची भीती खोटी कशी म्हणावी? दारू मापाने नव्हे, अदमासाने ओतली जात होती आणि लोखंड सर्वत्र सारखे नव्हते. जिन हे त्या अनिश्चिततेचे नाव होते, इतकेच.

अर्थात दुबेळक्याची किंमत मोजावी लागे. ते रोवले, की माणूस जागेला बांधला जातो. भरायला वेळ, टेकवायला वेळ, उचलायला वेळ. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या गुस्ताव अॅडॉल्फने बंदुकी हलक्या करून युरोपातला टेकू निकालात काढायला सुरुवात केली, ती याचसाठी. मराठ्यांच्या युद्धपद्धतीत तर घोडा आणि चपळाई हेच सर्वस्व होते. उकिडवे बसून दुबेळके रोवणारा माणूस गनिमी काव्यात शोभणार कुठे? तो शोभायचा किल्ल्यात. तिथे तटच त्याचे दुबेळके होई. आपल्या किल्ल्यांच्या तटातल्या आणि मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांच्या बुरुजातल्या जंग्या पाहाव्यात. बाहेरून अरुंद फट, आतून पसरट तोंड, आणि नळी टेकेल असा उतरता कट्टा. बाहेरच्याला आतला दिसू नये एवढाच त्यांचा उपयोग आपण मुलांना सांगतो. पण जंगी हा टेकूही आहे, आणि तो दिशाही ठरवून देतो: खालच्या वाटेवर, दरवाज्यासमोर, पाणवठ्यावर. गवंड्याने अर्धा नेम आधीच धरून ठेवलेला असतो. बखरींत तोफांच्या बरोबरीने जेजाला, जंबुरे, सुतरनाळा यांची नावे येतात. त्यातली जेजाल म्हणजे माणसाला हातावर न पेलणारी, तटावर किंवा टेकणीवर ठेवून उडवायची थोराड बंदूक. सुतरनाळेला टेकू होता उंटाचा. पानिपतावर १७६१ साली अब्दालीच्या या उंटांवरच्या नळ्यांनी काय केले ते सर्वज्ञात आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, १० जानेवारी १७६० रोजी, बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. मराठी मनात तो प्रसंग शौर्याच्या एका उद्गाराने कोरलेला आहे, आणि तो तसा असण्याबद्दल तक्रार नाही. पण यमुनेच्या पात्रातली झाऊची दाट बेटे, त्यांत लपलेले बंदूकवाले आणि उघड्या वाळवंटात घोड्यावरून येणारा सरदार, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे त्या दिवशी दोन युद्धपद्धती कशा समोरासमोर आल्या ते दिसते. एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला आडोसा आणि स्थिरपणा. दत्ताजी गोळीने पडले. जनकोजीही गोळीनेच जखमी झाले. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी तलवारीला जेवढी पाने दिली त्याच्या दहाव्या हिश्शानेही बंदुकीला दिली नाहीत. पराभवाचे हत्यार आपले नसते, असा काही तरी आपला समज असावा.

बंदुकीत निष्णात माणसे आपल्याकडे नव्हती असे नाही. पण ज्यांच्याकडे ही विद्या होती ते इतिहासाच्या दर्शनी भागात बसवले गेले नाहीत. बेरडांचे उदाहरण घ्या. कृष्णा-भीमेच्या दुआबातले वाकिनखेडे हे त्यांच्या पिडिया नायकाचे ठाणे. १७०५ साली खुद्द औरंगजेब त्यावर चालून गेला. त्याच्या आयुष्यातली ती शेवटची मोठी मोहीम. विजापूर-गोवळकोंडे घेतलेल्या बादशहाला एका नायकाच्या गढीवजा ठाण्यापुढे तीन महिन्यांच्या आसपास बसावे लागले, त्याचे एक मोठे कारण बेरडांची अचूक बंदूक. शेवटी ठाणे पडले, पण पिडिया आपल्या माणसांसह निसटला होता. हे पायदळ दक्षिणेतल्या सगळ्याच सत्तांना हवेसे वाटे. आणि पुढे? तिकडच्याच मुधोळ संस्थानात, घोरपड्यांच्या राज्यात, हलगली नावाचे बेरडांचे गाव आहे. १८५७ साली हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघाला तेव्हा हलगलीने तो मानला नाही. नोव्हेंबरात इंग्रजांनी गावावर फौज आणली, गाव जाळले, आणि डिसेंबरात पुढाऱ्यांना फासावर चढवले. कानडी लावणीत हलगली जिवंत आहे. मराठीत तिचे नाव क्वचितच निघते. ज्या जातीचा नेम बादशहाला भारी पडला तिच्यावर नंतर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज तिचे नाव आहे. भीमराव गस्तींचे ‘बेरड’ आपण दलित-भटक्या आत्मकथनांच्या तासाला वाचतो. ते वाचताना वाकिनखेड्याची आठवण कोणी करून देत नाही. द्यायला हवी. त्या आत्मकथनातल्या अपमानाला मग आणखी एक तळ सापडतो. हत्यार काढून घेतले म्हणजे नुसते लोखंड जात नाही. हात, डोळा आणि श्वास यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले ज्ञान निरुपयोगी होते, आणि निरुपयोगी झालेल्या ज्ञानाला समाज फार लवकर गुन्हा म्हणू लागतो.

आता पुन्हा जालना जिल्ह्यात येऊ. घनसावंगी जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोदावरीच्या अंगाला. आणि उत्तर टोकाला, केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आसई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ घातली. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमान नावाच्या हानोव्हरी अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या, आणि त्यांच्या हातात तोड्याच्या नव्हे, चकमकीच्या बंदुका होत्या. (चकमक म्हणजे गार आणि चकमक म्हणजे झटापट, हाही आपल्या भाषेने जपलेला बंदुकीचाच अवशेष.) या बंदुकीला दुबेळके नव्हते आणि नेमाची फारशी अपेक्षाही नव्हती. आतून गुळगुळीत नळी, तिच्यात सैलशी गोळी. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे म्हणजे नवस बोलणे. तेव्हा एकेकट्याने नेम धरायचाच नाही, शेकडोंनी एका रेषेत उभे राहायचे, नळ्या एका पातळीत आणायच्या, एका हुकुमावर बार काढायचा आणि पुन्हा भरायला लागायचे. अचूकपणा आता एका डोळ्यात नव्हता, रांगेत होता.

इथेच कुठे तरी ‘शिस्त’ शब्दाने कूस बदलली असावी असा माझा तर्क आहे. शिस्त म्हणजे नळीचा रोख. एका माणसाच्या नळीचा रोख तो नेम. हजार माणसांच्या नळ्यांचा एकच रोख ती व्यवस्था. कवायतीच्या पलटणीत शिस्त धरणे आणि शिस्तीत असणे या दोन क्रिया वेगळ्या काढताच येत नाहीत. शब्दाचा अर्थ बदलला असे म्हणण्यापेक्षा बंदूक चालवण्याची रीत बदलली आणि शब्द तिच्यामागे निमूटपणे गेला, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. हा तर्कच आहे. भाषाशास्त्राच्या कोणा अभ्यासकाने पेशवे दप्तरातले प्रयोग काळाच्या क्रमाने लावून तो खोडून काढला तर मला आनंदच होईल.

आसईच्या त्या दिवसाने टेकूची बाजूही दाखवून दिली. ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या तुकड्या आणि त्यांच्यामागून चौऱ्याहत्तरावी पलटण वाट चुकून आसई गावाच्या फार जवळ गेल्या. गावात, मातीच्या भिंतींआड, भोसल्यांचे पायदळ आणि तोफा होत्या. उघड्यावरची शिस्तबद्ध रांग आणि भिंतीवर नळी टेकवून बसलेली, कवायत फारशी न जाणणारी माणसे, असा तो सामना झाला. तोफा आणि बंदुका यांच्या माऱ्यात ती पलटण जवळजवळ कापली गेली. लढाई वेलस्लीने जिंकली, शिंद्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफा घेतल्या, पण त्याच्या बाजूची पंधराशेहून अधिक माणसे कामास आली वा जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकूनही हा माणूस आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून आसईचे नाव घेत असे म्हणतात. आसईकरांना याचा काही उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वत्र सारखाच आहे. नळीच्या आत मळसूत्री खाचा आल्या, गोळी स्वतःभोवती फिरत निघू लागली, आणि एन्फिल्ड रायफलीने नेम पुन्हा एकट्या माणसाच्या हातात आणून दिला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने तो ब्रिटिश मुलखातल्या हिंदी माणसाच्या हातून काढूनही घेतला. घनसावंगी तेव्हा निजामाच्या राज्यात. हा कायदा तिथे थेट लागू नव्हता, पण बंदूक रयतेच्या हाती सुखाने नांदत होती असेही नाही. उरली ती राखणीची ठासणीची बंदूक. ज्वारी हुरड्यावर आली, की रानडुकरांसाठी माळ्यावर बसायचे, माळ्याच्या आडव्या बांबूवर नाहीतर बाभळीच्या दुबेळक्यावर नळी टेकवायची आणि चांदण्यात माशी दिसेना म्हणून तिला चुना लावायचा. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी. बर्निएचा उकिडवा शिपाई असा शेवटी शेताच्या राखणीला लागला होता.

विसाव्या शतकात दुबेळके सैन्यात परत आले ते यंत्रबंदुकीबरोबर. ब्रर्नो आणि एन्फिल्ड या दोन गावांच्या नावांची आद्याक्षरे जोडून जिचे नाव झाले ती ब्रेनगन १९३८ पासून ब्रिटिश सैन्यात आली आणि हिंदी पलटणींतही रुळली. नळीखाली दुमडते दोन पाय, पालथा पडलेला माणूस, खांद्याला दस्ता. तिथून बायपॉड लांब पल्ल्याच्या रायफलीखाली गेला. आणि इथे एक गंमत झाली: दोन पाय लावूनही गोळ्या विस्कटू लागल्या. टेकू दिला म्हणजे नेम सुधारलाच पाहिजे, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात टेकू माणसाची थरथर काढून घेतो आणि त्याच्या जागी स्वतःचे दोष आणून ठेवतो.

ते दोष समजून घेण्यासारखे आहेत. दारू पेटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा साधारण हजारावा-दीड हजारावा नव्हे, तर एक-दीड हजारांश एवढा काळ जातो. इतक्या अल्पकाळातही रायफल मागे सरकायला लागलेली असते, दीडेक मिलिमीटर. ती सरळ मागे सरकली तर बिघडत नाही. पण पाय फरशीवर, सिमेंटवर, दगडावर असे कठीण पृष्ठावर टेकले असतील, तर नळी चेंडूसारखी वर उसळते. तेच पाय मऊ मातीत, गवतात किंवा जाड सतरंजीवर असले तर उसळी जिरते. मीटरभर लांबीच्या हत्याराचे टोक एका मिलिमीटरने वर गेले, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर वर जाते; हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. म्हणून पहिला धडा असा, की पाय नुसते टेकवायचे नाहीत, त्यांच्यावर किंचित भार द्यायचा. खांद्याने रायफल हलकेच पुढे रेटायची, म्हणजे पायांच्या सांध्यातला सगळा ढिलेपणा एका बाजूला ओढला जातो. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली टेकू लावताना शेतकरी गाडी थोडी पुढे-मागे रेटून टेकू ‘बसला’ की नाही ते पाहतो ना, तसेच. हा भार किती असावा याला आकडा नाही. तो कमी असला तरी चालेल, जास्त असला तरी चालेल. दर बाराला बदललेला मात्र चालणार नाही.

दुसरा धडा मागच्या बाजूचा. सगळे पुढच्या दोन पायांकडे पाहतात आणि तिसरा पाय विसरतात. दस्त्याखाली वाळूची छोटी पिशवी हवी. डाव्या मुठीत ती आवळली, की दस्ता केसभर वर येतो आणि माशी लक्ष्यावर खाली उतरते. सैल सोडली, की उलट. पुढे दोन पाय, मागे ही पिशवी. तिवईसारखी तीन टेकणी झाली म्हणजे हाताला बंदूक पेलण्याचे काम उरत नाही, फक्त सांगण्याचे उरते. मग देह. पूर्वी तिरके पडून नेम धरायला शिकवत. बायपॉडवर ते अंगाशी येते, कारण धक्का खांद्याच्या एका बाजूला बसून रायफल वळते. पाठीचा कणा नळीच्या शक्य तितका मागे, रेषेत हवा. आणि सगळे जुळल्यावर डोळे मिटायचे, एक श्वास घेऊन सोडायचा, पुन्हा उघडायचे. माशी लक्ष्यावरून सरकलेली दिसली, तर हातांनी ओढून जुळवायची नाही; पोट, कोपरे, पाय हलवून सबंध देहच पुन्हा मांडायचा. हातांनी ओढून जुळवलेला नेम चाप ओढताच आपल्या जागी परत जातो. बायपॉडचे दोन पाय असमान जमिनीवर असतील आणि रायफल एका कुशीला कलली, तर लांबवरची गोळी त्या कुशीला पडणार, हेही ओघाने आलेच. शेवटी चाप ओढून झाल्यावर क्षणभर काहीच न करणे. बार झाला, की मान उचलून कुठे लागले ते पाहण्याची घाई नवशिक्याला असते. तोड्याच्या बंदुकीतली ती जुनी प्रतीक्षा आता हजारांश सेकंदावर आली, तरी मानेला ती अजून शिकावीच लागते.

हे सगळे त्या हवालदारांनी मुलांना अर्ध्या तासात, निम्म्या हिंदीत आणि निम्म्या खुणांनी सांगितले होते. मला ते ऐकताना सारखे वाटत होते, की यात अचूकपणासाठी वेगळी अशी युक्ती कोणतीच नाही. आहे ते प्रत्येक वेळी तेच, तसेच करणे. म्हणजे नेम, त्याच्या जुन्या अर्थाने. एकादशीचा असतो तसा.

खेळातल्या नेमबाजीने मात्र दुबेळक्याला दारातच अडवले आहे. पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेत टेकू चालत नाही. पालथ्या स्थितीत जमिनीला टेकायचे ते दोन कोपर, आणि डाव्या दंडाला रायफलीशी बांधणारा एक पट्टा. माणसाच्या हाडांचेच दुबेळके करायचे. ८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी याच स्थितीतल्या साठ बारांत सहाशेपैकी पाचशे सत्त्याण्णव गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा, आणि तो पन्नास मीटरवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक घेतले ते तीन स्थितींच्या प्रकारात. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले ते पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या तीन स्थितींतली पहिली गुडघ्यावरची. डावे कोपर डाव्या गुडघ्यावर, बूड उजव्या टाचेवर, डोके स्थिर. बर्निएच्या उकिडव्या शिपायाचे चित्र समोर असेल तर ही बैठक ओळखीची वाटेल. फक्त लाकडाचा फाटा काढून घेतलेला आहे.

एका ठिकाणी मात्र नियमांनी टेकूला मान्यता दिली आहे. दिव्यांगांच्या नेमबाजीत ज्यांचे हात रायफलीचे वजन पेलू शकत नाहीत, त्यांच्या गटाला पुढे एक उभा दांडा मिळतो, आणि त्याच्या डोक्यावर स्प्रिंग असते. स्प्रिंग वजन घेते, पण स्थिर राहत नाही, श्वासागणिक डुलते. डुलणारी नळी शांत करायची ती खेळाडूनेच. त्या शिबिरात हे सांगितल्यावर पालथ्या पडलेल्या एका मुलीने मान न वळवता विचारले होते, ‘सर, मग त्याला टेकू का म्हणायचं?’ हवालदार म्हणाले, ‘बातें बाद में. पहले शिस्त लो.’ या वेळी कोणीही पाय जुळवले नाहीत.